थोडक्यात भागतं हे कळलं की भीती कमी होते

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पगार वाढला आणि झोप उडाली, असं लिहिलं आहेस. मोठा फ्लॅट घ्यावा तर वीस वर्षं हप्ते, न घ्यावा तर बरोबरीचे सगळे पुढे निघून जातील ही धास्ती. या तिढ्यात मला एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाइतका उपयोगी माणूस दुसरा दिसत नाही, म्हणून आज त्याच्याबद्दलच लिहितो.

इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मलेला हा माणूस पस्तिशीच्या आसपास अथेन्समध्ये येऊन स्थिरावला. तिथे एक बाग विकत घेऊन तो मित्रांसोबत राहू लागला. त्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही जागा होती. त्या काळच्या अथेन्समध्ये ही मोठीच गोष्ट. सुख हेच जगण्याचं ध्येय, असं तो उघडपणे सांगे. त्यामुळे चंगळखोर म्हणून त्याची बदनामी झाली, ती अजून पुरती पुसली गेलेली नाही. प्रत्यक्षात साधा पाव आणि पाणी एवढ्यावर तो तृप्त असे. एका पत्रात त्याने चीजचं एक लहानसं मडकं मागवलं आहे, कधी मनात आलं तर मेजवानी करता यावी म्हणून!

मेनोइकियस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो इच्छांची विभागणी करतो. काही इच्छा नैसर्गिक आणि गरजेच्या: भूक, तहान, डोक्यावर छप्पर. काही नैसर्गिक, पण त्यांच्यावाचून अडत नाही: पक्वान्नं, उंची वस्तू. आणि काही निव्वळ पोकळ: कीर्ती, सत्ता, अमर्याद संपत्ती. पहिल्या प्रकारच्या इच्छा लवकर भागतात, कारण पोट भरलं की भूक थांबते. तिसऱ्या प्रकाराला मात्र अंतच नसतो. तुझ्या फ्लॅटचंच बघ. घर हवं, ही पहिल्या प्रकारातली इच्छा. तिसरी बेडरूम दुसऱ्या प्रकारात जाईल. पण बरोबरीच्यांच्या पुढे असावं, ही तिसऱ्या प्रकारातली, आणि मला वाटतं तुझी झोप हीच खाते आहे.

डायोजेनिस या दुसऱ्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या गोष्टी लोक जास्त रंगवून सांगतात. तो रांजणात राहिला, जवळचं होतं नव्हतं ते टाकून दिलं. त्या वाटेने तू जावंस असं मी म्हणणार नाही. एपिक्युरस काही टाकून द्यायला सांगत नाही. चांगलंचुंगलं मिळालं तर खुशाल खा, पण थोडक्यात भागवायची सवय ठेव. मग उद्या हाती काही उरलं नाही तरी धीर सुटत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याची स्वतःची या बाबतीत परीक्षाही झाली. इ.स.पू. २९५च्या सुमारास डेमेट्रियस या मॅसेडोनियन सेनानीने अथेन्सला वेढा घातला आणि शहरात अन्नान्नदशा झाली. छतावरून पडलेल्या मेलेल्या उंदरासाठी बाप-लेक भांडले, असं प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो. आणि लगेच पुढे लिहितो, की त्या दिवसांत एपिक्युरसने शेंगांचे दाणे मोजून वाटून घेत आपल्या माणसांना जगवलं.

राजकारणापासून दूर राहा, हा त्याचा सल्ला मला पटत नाही. आपल्या गावाच्या पाण्याची-रस्त्याची फिकीर कुणीतरी करायलाच हवी. पण मैत्रीबद्दल तो म्हणतो ते मनापासून मान्य आहे. सुखी आयुष्यासाठी शहाणपण जे जे मिळवून देतं, त्यात मैत्री सर्वांत मोठी, असं त्याचं मत. इ.स.पू. २७० मध्ये मूतखड्याच्या असह्य वेदनांत शेवटच्या दिवशी त्याने एका मित्राला पत्र लिहिलं. आपल्या जुन्या गप्पांच्या आठवणीचा आनंद या दुखण्याला पुरून उरतो, असं त्यात आहे, आणि दिवंगत मित्र मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे, अशी विनंती. मित्रांना भेटायला सवड होत नाही, असं तू ओझरतं लिहून पुढे गेलास. मला ते हप्त्यांपेक्षा जास्त काळजीचं वाटलं.

प्रत्येक इच्छेला तो दोन प्रश्न विचारायला सांगतो: ही पुरी झाली तर माझं काय होईल, आणि नाही झाली तर काय? टोकनची रक्कम देण्याआधी या दोन्हींची उत्तरं कागदावर लिही. घाई नको, पण प्रामाणिकपणे लिही. मग एखाद्या रविवारी जेवायला ये, कागद घेऊन. जमलं तर ज्या मित्राशी बोलणं राहून गेलंय, त्यालाही सोबत आण.

तुझा,
काका