धोंड्यांची वाट : हात नको, जागा सांगा

प्रश्न : माझं वय ४७. रोज सकाळी तासभर भराभर चालते. आमचा आठ जणींचा गट एका जंगलवाटेने डोंगरावर जाणार आहे. जाऊन-येऊन १० किलोमीटर, चढ ६०० मीटर. त्यातला १ किलोमीटरचा टप्पा मोठाल्या धोंड्यांवरून हातापायांनी चढायचा आणि येताना त्याच धोंड्यांवरून उतरायचं. उंचीची भीती नाही, पण गुडघ्यांची आणि उतरण्याची धास्ती वाटते. मैत्रिणी म्हणतात, "तू चल गं, अडलीस तर आम्ही ओढून घेऊ." जाऊ का?

उत्तर : जरूर जा. मात्र मैत्रिणींच्या त्या शब्दावर विसंबून जाऊ नका. वरून कुणी हात धरून ओढलं की आपलं वजन पायांवरून उठतं आणि त्या एका हाताला लोंबकळतं. अशा वेळी पाय निसटला तर ओढणारीही तोल जाऊन खाली येते. मी गट घेऊन जाते तेव्हा ओढायला सरळ मनाई करते. मदत करायची ती खालून, आणि तोंडाने. चढणारीला स्वतःची पावलं दिसत नाहीत, खालचीला नीट दिसतात. "डावा पाय गुडघ्याइतका वर घे, तिथे खोबण आहे" एवढं एक वाक्य पुरतं. सांगणारीने थेट खाली उभं राहायचं नाही, थोडं बाजूला. वरून दगड सुटला तर तो सरळ खाली येतो. आणि दगड सुटलाच तर तो कुणाचा पाय लागून सुटला याची चर्चा नंतर, आधी मोठ्याने "दगड!" म्हणून ओरडायचं.

भीती वाटली की माणूस धोंड्याला छातीने बिलगतो. अगदी स्वाभाविक आहे, पण पाय घसरतो तो बहुतेक त्यामुळेच. अंग दगडाला टेकलं की पाय बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि तळव्याची पकड सुटते. कंबर दगडापासून वीतभर लांब ठेवा, वजन सरळ बुटाच्या तळावर येऊ द्या. दोन पाय आणि दोन हात यांतले तीन कायम टेकलेले, हलवायचा फक्त एक. हात तोलासाठी, चढायचं पायांनीच.

धोंडा भरवशाचा आहे का, हे त्यावर उभं राहण्याआधी कळतं. तळहाताने थापटून बघा. पोकळ आवाज आला किंवा कुठे खडखडलं तर तो सोडून द्या. मग पाऊल धोंड्याच्या कडेवर न ठेवता मधोमध ठेवा आणि वजन हळूहळू द्या. ज्याच्या कडा ताज्या, स्वच्छ दिसतात तो नुकताच हललेला असू शकतो. शेवाळ चढलेला धोंडा बहुधा बराच काळ जागचा हललेला नसतो, पण ओला असेल तर त्याच्यासारखं घसरडं काही नाही. झाडाची मुळंही तशीच. ओल्या मुळावर तिरका पाय टाकूच नका. रात्री पाऊस झाला असेल तर हा टप्पा त्या दिवशी करू नका. इथे मी कुणाचंही ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

आता वेळेचं बघू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा घालून दिला, तो आजही वापरतात : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. त्या हिशोबाने तुमची वाट ३ तासांची. पण तो आडाखा नीट पाऊलवाटेचा आहे. धोंड्यांवर ताशी १ किलोमीटर झालं तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे जातायेताचे २ तास तिथेच गेले. त्यात तुम्ही आठ जणी. एका अडचणीच्या जागी माणशी २ मिनिटं धरली तरी आठवी वर येईपर्यंत १६ मिनिटं होतात, आणि अशा जागा बऱ्याच असतात. सात-आठ तास धरून चाला आणि उजाडता उजाडता निघा. दाट झाडीत अंधार लवकर होतो. परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी फिरायचं.

गुडघ्यांची धास्ती मात्र रास्त आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, म्हणून चढाने दम लागतो आणि दुखतं ते उताराने, तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सपाटीवरच्या चालण्याने हा स्नायू तयार होत नाही. आजपासून जिने उतरा, सावकाश, कठडा न धरता. जायच्या दोन आठवडे आधी एखादा मोठा उतार उतरून घ्या; एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो. गुडघा सुजत असेल किंवा मधेच अडकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. प्रत्यक्ष उतरताना बुड टेकून घसरत यायची लाज बाळगू नका. जागा फार उभी असेल तर दगडाकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरा. पाठीवरची सॅक मागे अडकते आणि पुढे ढकलते, तेव्हा ती आधी हातोहात खाली द्या. काठ्या या टप्प्यात सॅकला बांधून टाका.

बूट जुने, पायात बसलेले. नखं कापलेली. बस्स.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा अशा वाटांवर एकटाच जातो. मोबाइल आहे, काळजी करू नकोस म्हणतो. काय सांगू?

उत्तर : त्याला अ‍ॅरन राल्स्टनबद्दल सांगा. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एका अरुंद घळीतून उतरताना एक धोंडा सुटला आणि त्याचा उजवा हात धोंडा आणि कातळ यांच्यामध्ये अडकला. तो कसलेला गिर्यारोहक होता, पण कुठे चाललो आहे हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापून तो सुटला. मोबाइलला घळीत आणि दाट झाडीत रेंज मिळेलच असं नाही. निघण्यापूर्वी त्याने एका कागदावर लिहून ठेवावं : कोणती वाट, गाडी कुठे लावणार, परत किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तुम्ही मदत मागवायची. ती शेवटची वेळ दोघांनी मिळून ठरवा, आणि झाली की वाट न बघता फोन करा. पहिल्या खेपेला त्याला तुमचा रागही येईल, येऊ द्या.