सत्ता बळकावली, मिळवली की दिली? १९३३च्या जर्मनीसाठी नेमकं क्रियापद

एका वाचकाने विचारलं आहे: मराठी लेखांत कुठे ‘हिटलरने सत्ता बळकावली’ असं वाचायला मिळतं, तर कुठे ‘हिटलर लोकशाही मार्गाने निवडून आला’ असं. दोन्ही वाक्यं ३० जानेवारी १९३३ या एकाच दिवसाबद्दल असतात. मग बरोबर कोणतं? आणि ‘वायमार प्रजासत्ताक कोसळलं’ यातलं ‘कोसळलं’ चालेल का? (वायमार प्रजासत्ताक म्हणजे १९१९च्या राज्यघटनेने चाललेली जर्मनीतली लोकशाही.)

त्या एका दिवसापुरतं बोलायचं तर पहिली दोन्ही वाक्यं चूक आहेत. ‘कोसळलं’ला चूक म्हणता येणार नाही, पण मी ते टाळतो. का ते सांगतो.

आधी ‘बळकावणे’. शेजाऱ्याने बांध कोरून जमीन बळकावली, भाऊबंदांनी घर बळकावलं, असं आपण म्हणतो तेव्हा दोन गोष्टी गृहीत असतात. वस्तू दुसऱ्याची आहे, आणि ज्याच्या हातून ती गेली त्याने ती राजीखुशीने दिलेली नाही. ३० जानेवारीला यातलं दुसरं घडलं नाही. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला बोलावलं, चॅन्सेलर म्हणजे सरकारचा प्रमुख नेमलं, शपथ दिली. राज्यघटनेच्या ५३व्या कलमाने चॅन्सेलर नेमण्याचा अधिकार त्याला होताच. हिटलरने सत्ता खरोखर बळकावायला पाहिली होती ती नऊ वर्षं आधी, नोव्हेंबर १९२३मध्ये, म्युनिकला. तो उठाव पोलिसांच्या गोळीबाराने मोडला. हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर १९२४मध्ये तो सुटलाही. त्या प्रसंगासाठी ‘बळकावण्याचा प्रयत्न’ हे शब्द चपखल आहेत.

‘काबीज केली’ हाही प्रयोग दिसतो. काबीज हे गडकोटांचं क्रियापद आहे. पण किल्लेदारानेच आतून दरवाजा उघडला असेल, तर आपण गड काबीज झाला म्हणून थांबत नाही, किल्लेदाराचं नावही घेतो. १९३३च्या वाक्यात नेमकं तेच नाव गळतं.

आता ‘निवडून आला’. हा प्रयोग जास्त पसरला आहे आणि माझ्या मते जास्त नुकसान करतो. हिटलर स्वतः एका मोठ्या निवडणुकीला उभा होता: १९३२ची राष्ट्राध्यक्षपदाची. त्यात तो हरला. एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीत हिंडेनबुर्गला ५३ टक्के मतं मिळाली, हिटलरला ३६.८. त्याच्या पक्षाचे आकडेही बघा. १९२८मध्ये २.६ टक्के. मंदी आल्यावर सप्टेंबर १९३०मध्ये १८.३. जुलै १९३२मध्ये ३७.३ टक्के आणि ६०८पैकी २३० जागा. खुल्या निवडणुकीत नाझींनी गाठलेली ही सर्वांत वरची पायरी. नोव्हेंबर १९३२मध्ये पुन्हा मतदान झालं तेव्हा त्यांची सुमारे वीस लाख मतं कमी झाली, टक्केवारी ३३.१वर आली. म्हणजे नेमणूक झाली ती पक्ष चढणीला असताना नाही, उतरणीला लागला असताना.

यावर एक रास्त आक्षेप येतो. संसदीय पद्धतीत चॅन्सेलर थेट निवडून येतच नाही, सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला बोलावणं हीच रीत, मग ‘लोकशाही मार्गाने’ म्हणायला हरकत काय? हरकत अशी, की या मंत्रिमंडळामागे बहुमत नव्हतं. नाझी आणि त्यांचे भागीदार जर्मन राष्ट्रवादी मिळून अडीचशेच्या आसपास, आणि सभागृह ५८४चं. शिवाय हीच ‘रीत’ ऑगस्ट १९३२मध्ये हिंडेनबुर्गला बंधनकारक वाटली नव्हती. तेव्हा नाझींच्या जागा अधिक होत्या, हिटलरने चॅन्सेलरपद मागितलं, आणि हिंडेनबुर्गने नकार दिला. जानेवारीत मन बदललं ते मतपेटीमुळे नाही. ४ जानेवारीला कोलोनमध्ये बँकर श्रोडरच्या घरी माजी चॅन्सेलर फॉन पापेन हिटलरला भेटला. पापेनला त्याच्या जागी आलेल्या श्लायखरला खाली खेचायचं होतं. पुढचे तीन आठवडे पापेन, राष्ट्राध्यक्षाचा मुलगा ऑस्कार, राष्ट्राध्यक्षाचाच सचिव माइस्नर अशा मोजक्या माणसांत हा व्यवहार पक्का झाला. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन: फ्रिक आणि ग्योरिंग हे दुसरे दोघे. बाकी जुन्या वळणाची उजवी मंडळी. पापेन उपचॅन्सेलर. आपण हिटलरला कामावर ठेवलं आहे, दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात दाबून टाकू, अशी त्याची त्या वेळची भाषा होती.

म्हणून ३० जानेवारीसाठी माझं क्रियापद ‘देणे’. ‘हिंडेनबुर्गने, पापेनच्या सल्ल्याने, हिटलरला चॅन्सेलरपद दिलं.’ साधं वाक्य, कर्ता समोर. ‘सोपवलं’ चालेल. ‘हवाली केलं’ला थोडा जास्त रंग आहे, तोही मला आवडतो. ‘नेमणूक झाली’ मात्र टाळा, कारण त्यात नेमणाराच दिसत नाही. ‘सत्तेवर आला’ हा सर्वांत निरुपद्रवी वाटणारा प्रयोग ओझरत्या उल्लेखाला पुरेल, पण जिथे कारणं सांगायची आहेत तिथे तोही अपुरा पडतो.

जर्मनमध्येही हा वाद आहे. तिथे रूढ शब्द माख्टएरग्रायफुंग, म्हणजे सत्ता पकडणं, मुठीत घेणं. नाझींच्या स्वतःच्या तोंडी बहुधा माख्टयुबरनामे असे, म्हणजे सत्तेचा ताबा घेणं. पुढच्या काळात अनेक इतिहासकार माख्टयुबरट्रागुंग हा शब्द वापरू लागले: सत्ता दुसऱ्याच्या हाती देणं. तिन्ही शब्द नामं आहेत, त्यामुळे देणारा-घेणारा मोघम ठेवता येतो. मराठीत आपण क्रियापद वापरतो आणि त्याला कर्ता लागतो. या बाबतीत मराठी वाक्य जास्त प्रामाणिक राहू शकतं, फक्त ते तसं लिहायला हवं.

इथून मी ‘कोसळलं’कडे येतो. कोसळणं, ढासळणं ही अकर्मक क्रियापदं. दरड कोसळते, तिला कोणी ढकललेलं नसतं. वायमारच्या बाबतीत ढकलणारे होते. १९१९च्या राज्यघटनेचं ४८वं कलम राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीत हुकूम काढू देत होतं, सात मूलभूत हक्क स्थगितही करू देत होतं. पहिला राष्ट्राध्यक्ष एबर्ट याने ते पुष्कळदा वापरलं, पण मुख्यतः उठाव आणि १९२३च्या चलनफुगवट्यातून प्रजासत्ताक वाचवण्यासाठी. मार्च १९३०मध्ये चॅन्सेलर म्युलरचं आघाडी सरकार बेकारी विम्याच्या हप्त्यावरून पडलं आणि त्यानंतर या कलमाचा उपयोगच पालटला. जुलैमध्ये नवा चॅन्सेलर ब्र्यूनिंग याचा आर्थिक वटहुकूम राइशस्टागने, म्हणजे संसदेने, रद्द करवला, तर हिंडेनबुर्गने राइशस्टागच विसर्जित केलं आणि वटहुकूम पुन्हा काढला.

‘वटहुकूम’ शब्द मी इथे वापरला खरा, पण तो वाचताना सावध राहायला हवं. आपल्याकडे वटहुकूम निघतो तो अधिवेशन चालू नसताना, आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी न मिळाल्यास तो संपतो. वायमारमधला ‘नोटफेरओर्डनुंग’ सभागृह भरलेलं असतानाही निघे आणि सभागृहाने रद्द करायला सांगेपर्यंत टिके. रद्द करायला सांगितलं तर काय होतं, ते १९३०ने दाखवलंच होतं. परिणाम आकड्यांत दिसतो: १९३०मध्ये राइशस्टागने ९८ कायदे केले, १९३१मध्ये ३४, १९३२मध्ये अवघे ५. १९३१ साली वटहुकूम निघाले ४४. हिटलर यायच्या आधीच सभागृह बाजूला सारलं गेलं होतं. मी ‘सारलं गेलं’ लिहिलं. नीट लिहायचं तर ‘हिंडेनबुर्ग आणि त्याच्या चॅन्सेलरांनी सारलं’.

दोष एकट्या हिंडेनबुर्गचा नव्हता, हेही वाक्यात यायला हवं. १९३२च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार साठ लाखांवर गेले होते. जुलैच्या निवडणुकीत नाझी २३० आणि कम्युनिस्ट ८९, म्हणजे प्रजासत्ताक नको असलेल्या दोन पक्षांकडेच निम्म्याहून जास्त जागा. हे दोघे मिळून कोणतंही सरकार पाडू शकत होते, उभं मात्र करू शकत नव्हते. अशा सभागृहातून बहुमताचं सरकार काढणं फार अवघड होतं. ‘कोसळलं’ लिहिणाऱ्यांच्या मनात बहुधा हेच असतं, आणि तितक्यापुरतं मी ते मान्य करतो.

‘बळकावणे’चा एक अस्सल प्रसंग मात्र याच काळात आहे, आणि त्यात कर्ता हिटलर नाही. २० जुलै १९३२ला चॅन्सेलर पापेनने ४८व्या कलमाखाली हुकूम काढून प्रशियाचं ओटो ब्राउनचं सरकार हटवलं आणि तिथला कारभार स्वतःकडे घेतला. जर्मनीतली निम्म्याहून अधिक माणसं प्रशियात राहत होती, पोलीसदलही तिथलंच सर्वांत मोठं. दुसऱ्याची वस्तू, मर्जीविरुद्ध घेतलेली. पापेनने प्रशिया बळकावलं, असं निःशंक लिहावं. १९३३मध्ये ग्योरिंगच्या हाती प्रशियाचे पोलीस आयते आले ते यामुळे.

हिटलरसाठी ‘बळकावणे’ खरं ठरतं ते ३० जानेवारीनंतर. दिलं होतं पद. बळकावलं ते राज्य. २७ फेब्रुवारीला राइशस्टागच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी ४८व्या कलमाच्या हुकुमाने भाषण, छपाई, सभा, पत्रांची गुप्तता, अटकेपासूनचं संरक्षण सारं स्थगित झालं. तो हुकूम १९४५पर्यंत उठला नाही. एवढी दहशत असूनही ५ मार्चला नाझींना ४३.९ टक्केच मिळाले. २३ मार्चला क्रोल ऑपेरा हाउसमध्ये, बाहेर-आत गणवेशातले नाझी जवान उभे असताना, सरकारला सभागृहाविना कायदे करू देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी झाला. कम्युनिस्ट प्रतिनिधींना येऊच दिलं नव्हतं. ते ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट. त्यांच्या वतीने ओटो वेल्स बोलला: आमचं स्वातंत्र्य आणि जीव घेता येईल, अब्रू नाही. त्या सभागृहात उभं राहून हे बोलायला काय लागलं असेल! कॅथलिक सेंटर पक्षाने मात्र बाजूने मत दिलं. दोनतृतीयांशांची अट त्यांच्यामुळे सहज ओलांडली गेली.

या कायद्याला मराठीत ‘सक्षमीकरण कायदा’ म्हणू नये. सक्षमीकरण म्हटलं की आपल्याला महिला बचतगट आठवतात. जर्मन ‘एरमेख्टिगुंग’ म्हणजे अधिकार बहाल करणं. ‘अधिकारप्रदान कायदा’ मला योग्य वाटतो. असे मर्यादित कायदे १९२३मध्येही झाले होते, तेव्हा हे नाव नाझींनी घडवलेलं नाही.

शेवटी, ‘हुकूमशहा झाला’ या वाक्याला तारीख कोणती द्यायची? पुष्कळजण ३० जानेवारी १९३३ देतात, ती सर्वांत कमी योग्य. २ ऑगस्ट १९३४ला हिंडेनबुर्ग वारला आणि राष्ट्राध्यक्ष व चॅन्सेलर ही दोन्ही पदं एक झाली, तेव्हा वर कोणी उरलं नाही हे खरं, पण तोवर विरोधी पक्ष आणि कामगार संघटना संपून वर्ष उलटलं होतं. कायद्याच्या अंगाने लिहिणाऱ्याने २३ मार्च १९३३ घ्यावी. माझी निवड २८ फेब्रुवारी १९३३. त्या दिवसापासून कोणालाही कारण न देता घरातून उचलून नेता येत होतं, आणि त्याविरुद्ध दाद मागायला न्यायालयाचं दार उरलं नव्हतं.