४८ पैकी ३९ फ्लॅट गेले म्हणतात, मग आम्ही घाई करावी का?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर. दोघांचे मिळून हातात ७८ हजार येतात. अनगोळमध्ये ११ हजार भाड्यानं राहतो. जमिनीच्या वाटणीचे आणि साठवलेले मिळून २४ लाख आहेत. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ एका सहा मजली स्कीममध्ये १,०५० चौरस फुटांचा, ५२ लाखांचा टू बीएचके बघितला. तीन स्लॅब पडलेत. ऑफिसमध्ये सांगतात की ४८ पैकी ३९ गेले, दसऱ्यानंतर फुटामागं शंभर रुपये वाढणार, आठ लाख भरून नाव लावा. घ्यावा का?

उत्तर: ताई, दसऱ्याआधी आठ लाख भरू नका. फ्लॅट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ३९ हा आकडा कशाचा, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि तुमचे २४ लाख त्याच्याच भरवशावर जाणार आहेत.

सेल्स ऑफिसच्या भिंतीवर मजलेवार तक्ता असतो, गेलेल्या फ्लॅटवर लाल टिकली लावलेली. ती टिकली कुणाच्या नावची, ते बघा. आपल्याकडं बहुतेक स्कीम जागामालकाशी जॉइंट डेव्हलपमेंट करून, म्हणजे जागेच्या बदल्यात त्याला काही फ्लॅट देऊन होतात. मालकाच्या वाट्याचे फ्लॅट विकलेले नसतात, पण तक्त्यावर लाल असतात. सळई आणि सिमेंटवाल्याला बिलाच्या बदल्यात दिलेला फ्लॅटही लाल. पन्नास हजार देऊन धरून ठेवलेला, वाटेल तेव्हा सोडता येणाराही लाल. समजा १४ मालकाचे, ६ बिलापोटी दिलेले आणि ९ नुसत्या टोकनवर असतील, तर ३९ पैकी खरे विकलेले उरतात १०. तुमच्या स्कीमचं असंच असेल असं नाही, पण तक्ता दोन्ही वेळी सारखाच दिसेल.

तुम्हाला याच्याशी काय करायचंय? करायचंय, कारण वरचे तीन मजले आणि त्यानंतरचं प्लास्टर, लिफ्ट, पाणी हे सगळं पुढच्या ग्राहकांच्या हप्त्यांतून उभं राहतं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि इंजिनियर, आर्किटेक्ट, सीए यांच्या दाखल्याशिवाय काढता येत नाहीत. तरतूद चांगली आहे. पण विक्रीच झाली नसेल तर त्या खात्यात येणार काय? मालकाच्या १४ फ्लॅटमधून बांधकामाला एक रुपया मिळत नाही.

म्हणून आधी कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर प्रोजेक्ट उघडा. नोंदणी क्रमांक जाहिरातीवर छापावाच लागतो. नसेल तर तिथूनच परत फिरा. किती फ्लॅट बुक झाले हे बिल्डरला दर तीन महिन्यांनी तिथं भरावं लागतं. तिथं २१ आणि ऑफिसमध्ये ३९ असेल तर दोन्हीतला कुठला खरा, ते त्यांनाच विचारा. दोन-दोन तिमाह्या काही भरलंच नसेल तर मी ती वाईट खूण मानतो.

त्याहून पक्का कागद म्हणजे ईसी, जागेवरच्या नोंदवलेल्या व्यवहारांचा आणि बोजांचा दाखला. कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर किंवा सब-रजिस्ट्रार ऑफिसात त्या सर्व्हे नंबरची, जागेचा व्यवहार झाला त्याच्या आधीपासूनची ईसी काढा. जॉइंट डेव्हलपमेंटचा नोंदवलेला करार तिथं दिसतो, जागेवर काढलेलं नोंदणीकृत तारण दिसतं आणि नोंदवलेले विक्री करार एकेक करून, तारीख आणि रकमेसह दिसतात. ते बोटानं मोजा. एकाच आडनावाचे चार-पाच करार एकाच दिवशी झालेले असले तर ते घरचे किंवा गुंतवणूकवाले समजा. पुढं तुम्हाला विकायचं झालं तर तेच लोक स्वस्तात विकायला शेजारी उभे असतील. कागद कानडीत असतात, तेव्हा कानडी वाचणारा वकील घ्या, आणि तो बिल्डरनं सुचवलेला नको. काही ग्राहक करार न नोंदवता थेट खरेदीखतापर्यंत थांबतात, त्यामुळं हा आकडा थोडा कमी येऊ शकतो. पण नोंदणी न केलेला ग्राहक उद्या निघूनही जाऊ शकतो, म्हणून मी त्याला धरत नाही.

आणखी एक करा. तुमच्या भावाला नाहीतर दिराला त्याच ऑफिसात फोन करून 'गेलेला' एखादा ठरावीक फ्लॅट मागायला सांगा. दोन दिवसांत तो 'कॅन्सल झालाय, देऊ' म्हणून मिळाला तर तक्त्याची किंमत कळली. ज्या बँकेनं स्कीमला मंजुरी दिलीय तिथंही विचारा की आतापर्यंत किती कर्जांचा पहिला हप्ता सुटला. मॅनेजर नावं सांगणार नाही, अंदाज देतो. आणि याच बिल्डरची आधीची इमारत बघून या. जिन्याखालच्या मीटर बोर्डवर किती फ्लॅटना वीज कंपनी हेस्कॉमचे मीटर बसलेत आणि किती रीडिंग शून्याच्या आसपास अडकलेत, ते पाच मिनिटांत दिसतं. ताबा देऊन तीन वर्षं झाली तरी निम्मे फ्लॅट बंद असतील तर मेंटेनन्सचा बोजा राहणाऱ्यांवरच पडलेला असतो.

आता ते आठ लाख. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत विक्री करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ५२ लाखांवर ते होतात ५ लाख २० हजार. आठ लाख मागणंच नियमाबाहेर आहे. साध्या पावतीवर किंवा रोखीनं तर अजिबात नको.

तुमचा हिशेबही थोडा तोकडा पडतोय. ५२ वर ५ टक्के जीएसटी म्हणजे २ लाख ६० हजार; मुद्रांक आणि नोंदणी मिळून साधारण ३ लाख ९० हजार. एकूण साडेअठ्ठावन्न. २४ लाख सगळे घातले तरी साडेचौतीस लाखांचं कर्ज होतं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता ३० हजारांच्या जवळ जातो. ताबा मिळेपर्यंत बँक दिलेल्या रकमेवरचंच व्याज घेते, पण बांधकामाच्या शेवटी ते २४ हजारांच्या पुढं जाईल आणि ११ हजार भाडं चालूच असेल. वर्षभर रखडलं तर नुसतं भाडंच १ लाख ३२ हजार. उशिराबद्दल कायद्यानं व्याज मागता येतं, स्टेट बँकेच्या एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या आधारभूत व्याजदरावर, दोन टक्के जास्त. पण ते मिळवायला तक्रार करून वाट बघावी लागते, आणि शाळा सांभाळून ते करताना माणूस दमतो.

दसऱ्यानंतर शंभर रुपये वाढले तर तुम्हाला १ लाख ५ हजार जास्त पडतील. उलट पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी नसतो. २ लाख ६० हजार तिथंच वाचतात. तेव्हा थांबणं महाग नाही.

ईसीत बिल्डरच्या स्वतःच्या वाट्यातल्या निम्म्या फ्लॅटचे करार नोंदलेले दिसले आणि रेराचा आकडा त्याच्याशी जुळला, तर घ्या. ५ लाख २० हजारांच्या आत, चेकनं, लगेच नोंदणीकृत करार, आणि बाकीचे हप्ते स्लॅबप्रमाणे. एक तृतीयांशही भरत नसतील तर पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत अनगोळचं घर सोडू नका. यांच्या मधे कुठं असेल तर पाचवा स्लॅब पडेपर्यंत थांबून पुन्हा ईसी काढा. आणि कुठल्याही परिस्थितीत २४ मधले ३ लाख बाजूला एफडीत ठेवा, कर्ज तेवढं वाढलं तरी चालेल. हप्ता साधारण २,६०० रुपयांनी वाढेल. फौंड्रीत ओव्हरटाइम बंद झाला तर ते ३ लाखच हप्ते भरतील.