हायब्रिड सिटीचे टायर बदलताना मायलेजआधी पावसातला ब्रेक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२२ ची होंडा सिटी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली), ४१,००० किलोमीटर झालेत, रोज मुलुंड ते लोअर परळ आणि महिन्यातून एकदा पुणे. पुढचे दोन टायर जवळजवळ गोटा झालेत, मागच्यांची नक्षी, म्हणजे रबरावरच्या खाचा, निम्मी शिल्लक आहे. दुकानदार १८५ मिलिमीटर रुंदीच्या टायरऐवजी १९५ चे घाला म्हणतोय. आणि नवे टायर घातले की २२ चं मायलेज पडेल ही तुम्हाला धास्ती आहे.

माझ्याकडेही हीच गाडी आहे. बोरिवली ते बीकेसी रोजचं जाणं-येणं. टायर बदलून आता बरेच महिने झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मायलेज, कारण सगळी चिंता तिथेच अडकली आहे. नवे टायर घातल्यावर आकडा खाली येणारच. माझा सुरुवातीला सव्वा-दीडने आला होता आणि मीही घाबरून दुकानात परत गेलो होतो. पण त्यातला काही भाग नुसता हिशोबाचा असतो. आपल्या १८५/५५ आर १६ टायरचा व्यास नवा असताना साधारण ६१० मिलिमीटर. झिजून ६ मिलिमीटर नक्षी गेली की व्यास १२ ने कमी होतो, म्हणजे दोन टक्के. लहान चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त वेळा फिरतं आणि मीटर अंतर फुगवून दाखवतो. म्हणजे जुन्या टायरवर दिसणाऱ्या २२ मधलं जवळजवळ अर्धं किलोमीटर मुळात नव्हतंच. बाकीचा फरक खरा आहे. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे जाऊन पुन्हा गोल होतो. या दबण्या-सुटण्यात रबर तापतं आणि ती उष्णता पेट्रोलमधून येते. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. नव्या टायरवर रबर जास्त, म्हणून हा खर्चही जास्त. नक्षी थोडी झिजली की आकडा हळूहळू वर येतो.

आता 'फ्युएल सेव्हर' टायरने, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स कमी ठेवणाऱ्या टायरने, नक्की किती वाचतं ते मांडून बघू. ढोबळ नियम असा की रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्के कमी झाला तर इंधन एक ते दोन टक्के वाचतं. वर्षाला १२,००० किलोमीटर, २२ चं मायलेज, म्हणजे साधारण ५४५ लिटर. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाचं पेट्रोल ५६-५७ हजारांचं. त्याचे एक-दोन टक्के म्हणजे वर्षाला सहाशे ते अकराशे रुपये. एवढ्यासाठी ओल्या रस्त्यावरची पकड सोडायची का, हा खरा प्रश्न आहे.

मला तो प्रश्न २०२४ च्या जुलैत पडला. संध्याकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, कांदिवलीच्या आसपास, बारीक पाऊस, वेग पन्नासच्या आतबाहेर. पुढची रिक्षा अचानक थांबली. मी पूर्ण ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (ब्रेकखाली चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर सुरू झाली आणि गाडी थांबायचं नावच घेईना. रिक्षाच्या मागे वीतभर अंतरावर थांबलो. मागच्या सीटवर मुलगी होती. घरी येऊन नक्षी मोजली तर अडीच मिलिमीटर. कायद्याच्या दृष्टीने टायर चालू होते, कारण खाचेतल्या झिजेच्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, ते वापरता येतात. पण खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकायला जागा राहत नाही आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: मे महिन्यात नक्षी मोजायची आणि तीनच्या खाली असेल तर पावसाळ्याआधी टायर बदलायचे. तुमचे पुढचे दोन आजच बदलायच्या स्थितीत आहेत.

हायब्रिडमध्ये पुढचे आधी का जातात, तर मोटर पुढच्याच चाकांना जोडलेली आहे. तिचा जोर शून्यापासून मिळतो, सिग्नल सुटला की पूर्ण ताण पुढच्या रबरावर. पाय काढला किंवा हलका ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज करणारी ओढही त्याच दोन चाकांवर येते. शिवाय साध्या पेट्रोल सिटीपेक्षा आपली गाडी शंभर किलोहून जास्त जड आहे. ब्रेक पॅड वर्षानुवर्षं टिकतात ते खरं, पण तो भार टायर उचलतात. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या. तुमच्या गाडीत हे झालेलं दिसत नाही.

आता दोन घ्यायचे की चार. दोनच घेणार असाल तर नवे दोन मागे लावा आणि मागचे निम्मे झिजलेले पुढे आणा. दुकानात सगळे उलटं सांगतील, पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून नवे पुढे. ऐकू नका. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरता येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि बोरघाटातल्या ओल्या वळणावर ते कुणालाच सावरणार नाही. मागे आत्ता आहे तेच मॉडेल मिळत असेल तर दोन पुरेत. नसेल मिळत तर चारही एकदम बदला. एकाच गाडीत दोन स्वभावांचे टायर पावसात मला अजिबात पटत नाहीत.

१९५ बद्दल. दुकानदाराचं कारण सरळ आहे: १९५/५५ आर १६ बलेनोला लागतो, सियाझला लागतो, त्याच्याकडे तो कायम पडलेला असतो. टायरची भिंत साडेपाच मिलिमीटर उंच मिळते, गाडी तेवढीच उचलली जाते, खड्ड्यात फायदा होतो, हे मान्य. पण व्यास जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढतो, स्पीडोमीटर कमी दाखवतो, टायर रुंद आणि जड असल्यामुळे मायलेज खातो. तुम्हाला मायलेजचीच काळजी असेल तर १८५ च घ्या. दोन-चार दिवस थांबावं लागलं तरी मागवून घ्या. साईजनंतरचा आकडाही बघा: ८३ म्हणजे एका टायरवर ४८७ किलो. पुढचं अक्षर वेगाचं, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर आणि व्ही म्हणजे २४०. जुन्या टायरवर जे छापलंय त्याच्या खालचं काही घेऊ नका.

कोणता घ्यायचा? मिशेलिनची प्रायमसी, ब्रिजस्टोनची टुरांझा, योकोहामाची ब्लूअर्थ या आरामदायी गटातल्या मालिका मी आधी विचारेन आणि त्यातला जो १८५ मध्ये ताजा मिळेल तो घेईन. सिएटची सिक्युराड्राइव्ह खिशाला बरी पडते. आवाजाचा मुद्दा हायब्रिडवाल्यांनी दुर्लक्षू नये. गाडी बॅटरीवर चालते तेव्हा इंजिन गप्प असतं आणि मुंबईत आता जिकडेतिकडे काँक्रीट झालंय. त्या रस्त्यावर कडक रबराचा टायर सतत घोंगावतो. पेट्रोल गाडीत जे ऐकू आलं नसतं ते आपल्याला रोज ऐकावं लागतं.

काही टायरवर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे दिसतील. ते रोलिंग रेझिस्टन्सवर मिळतात, त्यावरून पावसात गाडी किती अंतरात थांबेल ते कळत नाही. ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान अट एआयएस-१४२ या मानकात आहे, पण ती किमान आहे, त्याच्या वर टायरा-टायरात बराच फरक असतो. युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी वेगळी छापतात. त्याच साईजची आणि मॉडेलची सापडली तर ती जरूर बघा.

दुकानात उभे असताना टायरच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का स्वतः वाचा. १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. मला एका दुकानाने पहिल्या वेळी पावणेदोन वर्षं जुने टायर नवे म्हणून काढून दिले होते, ते मी चढवायच्या आधी परत केले. सहा महिन्यांच्या आतले मागा. बिलावर जीएसटी १८ टक्के आहे ना तेही पाहा, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ वरून १८ झाला आहे आणि जुन्या छापील किमती दाखवून भाव सांगणारे आहेत. काही कंपन्या खड्ड्याने फुगा आला तरी बदलून देतात, पण त्यासाठी खरेदीनंतर नोंदणी करावी लागते. ती तिथेच उभं राहून करा, घरी गेल्यावर राहून जाते. फुगा आलेला टायर मात्र एक दिवसही चालवू नका. आतले धागे तुटलेले असतात, पंक्चरवाल्याकडे त्याला इलाज नाही.

हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्यानुसार. पंपावरचा मुलगा सगळ्यांना सरसकट ३५ मारतो, त्याला आकडा सांगा. हवा कमी असली तर त्यानेही मायलेज जातं. टायर बदलल्यावर हवेची सूचना देणारी यंत्रणा मेन्यूमधून पुन्हा कॅलिब्रेट करायला विसरू नका, ती चाकाच्या फिरण्यावरूनच अंदाज बांधते.

आणि गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर घेण्याआधी ती पूर्ण बंद करून चावी खिशात ठेवा. डॅशबोर्डवर 'रेडी' दिवा असेल तर आवाज नसला तरी गाडी चालूच असते, इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं. टायरच्या दुकानातल्या बऱ्याच पोरांनी हायब्रिड हाताळलेली नसते, त्यांना आधीच सांगा, जॅक नेमून दिलेल्या खाचेतच लावायला लावा आणि खाली नारिंगी केबल दिसली तर हात लावू देऊ नका. बॅलन्सिंग, अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. पुण्याची फेरी मात्र लगेच दुसऱ्या दिवशी नको. नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जायला दोनेकशे किलोमीटर लागतात, ते मुलुंड-परळमध्येच होऊ द्या.