टक्के, गुणोत्तर आणि सिरिंज

प्रश्न : दुर्गम भागातल्या केंद्रात रात्री मी एकटीच परिचारिका असते. शिकताना औषधांची नावं, दुष्परिणाम पाठ केले. पण अँपूलवर, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीवर, कुठे टक्के, कुठे १:१००० लिहिलेलं असतं, तिथे हात थबकतो. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणातल्या झटक्यांवरचं औषध) भरताना तर हमखास. नेमकं काय पक्कं करू?

उत्तर : थबकतो ते बरंच आहे. काळजी न थबकणाऱ्यांची वाटते.

आधी सगळं 'एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम' या एकाच मापात आणा. टक्के म्हणजे १०० मिलित तितके ग्रॅम. आकड्यापुढे एक शून्य लावलं की काम झालं : ५० टक्के म्हणजे मिलिला ५०० मिग्रॅ. १:१००० म्हणजे १००० मिलित १ ग्रॅम, अर्थात मिलिला १ मिग्रॅ. १:१०,००० वाचून औषध जास्त तीव्र वाटतं, असतं मात्र दहापट सौम्य. तीव्र ॲलर्जीत प्रौढांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिन ०.५ मिग्रॅ द्यायचं, ते १:१००० चं अर्धा मिलि.

आता मॅगसल्फ. ५० टक्क्यांच्या २ मिलि अँपूलमध्ये १ ग्रॅम असतं. झटके आलेल्या गरोदर बाईला शिरेतून ४ ग्रॅम, म्हणजे ४ अँपूल, ८ मिलि. त्यात १२ मिलि सलाइन घातलं की २० मिलि, २० टक्के द्रावण होतं. ते किमान ५ मिनिटं लावून, सावकाश द्या. ५० टक्क्यांचं शिरेतून तसंच कधीच द्यायचं नाही. स्नायूतला डोस मात्र पातळ न करता : प्रत्येक नितंबात खोलवर ५ ग्रॅम, म्हणजे १० मिलि, दुखतं फार, म्हणून त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) १ मिलि. चूक होते ती इथेच, कारण अँपूल एकच आणि रीती दोन. दोन्ही सिरिंजवर भरल्या भरल्या चिकटपट्टी लावून लिहा. अँपूल दुसऱ्या तीव्रतेचंही येतं, तेव्हा हा हिशेब दर वेळी लेबल वाचूनच.

दर ४ तासांनी पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघा : गुडघ्याला टकटक केल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, गेल्या ४ तासांत लघवी ताशी ३० मिलि तरी झाली का. मॅग्नेशियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. लघवी कमी झाली की ते साचतं. आधी पायाचं हे उडणं बंद होतं, श्वास नंतर. एक जरी गोष्ट कमी दिसली तरी डोस थांबवून डॉक्टरांना फोन. श्वास थांबलाच तर अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देायची पिशवी) आधी, मग मॅगसल्फवरचा उतारा : १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि, शिरेतून सावकाश. ते अँपूल मॅगसल्फच्याच ट्रेमध्ये हवं, कपाटात कुलपात नको.

प्रश्न : सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक रिंगर लॅक्टेट या सलाइनसारख्या द्रावातून चालेल का?

उत्तर : नाही. रिंगरमधल्या कॅल्शियमशी त्याचा साका बनतो. सलाइनमधून द्या, आधी लाइन सलाइनने धुवा. नवजात बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल तर ते औषधच नको.