जुना रकाना पुसू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोव्यातल्या सर्वेक्षणाची फाइल काल रात्री पाहिली. तालुक्याच्या रकान्यातली सासष्टी, साष्टी, साल्सेत अशी सगळी रूपं तू एका कोडावर आणलीस, हे छान केलंस. पण नवे कोड मूळ रकान्यावरच चढवलेस, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात पाठवलेली कच्ची फाइल शेजारी उघडून बसलो. तिथे सात नोंदींत नुसतं ‘सा.’ आहे. कालच्या फाइलीत ते सातही जण सासष्टीकर झालेत. घाईत अनुस्वार राहिला, तर सांगे तालुकासुद्धा ‘सा.’च होतो ना? माझ्याकडे जुनी फाइल होती म्हणून हे कळलं.

माझ्या उमेदवारीतली चूक सांगतो. समाधानाची 1 ते 5 ही मोजपट्टी उलटी करायची होती. मी ओळीखाली ओळ लिहीत गेलो: 1चे 5 कर, 2चे 4 कर, 4चे 2 कर, 5चे 1 कर. पहिल्या ओळीने केलेले 5 शेवटच्या ओळीने परत 1 केले. रकान्यात 4 आणि 5 उरलेच नाहीत. मी मात्र सरासरी काढून अहवालात घातली. बदल त्याच रकान्यात केल्यामुळे मूळ आकडे पुसले गेले होते. सगळे फॉर्म पुन्हा भरावे लागले. खरं तर 6मधून मूळ आकडा वजा केला असता, तर एका ओळीत काम झालं असतं. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची रिकोड आज्ञा किंवा आर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं केस-व्हेन मूळ किंमत बघून एकदाच बदल करतं, तिथे हा घोळ होत नाही. आरमध्ये दिशा तेवढी सांभाळ: डीप्लायआर या पॅकेजच्या रिकोडमध्ये जुनं आधी लिहितात, फॉरकॅट्स या पॅकेजच्या फॅक्टर-रिकोडमध्ये नवं आधी.

तालुक्यांसाठी आज्ञांची लांबलचक माळ नको. वेगळा तक्ता कर: एका बाजूला मूळ नोंद, दुसऱ्या बाजूला कोड. तो डेटाला जोड आणि उत्तर नव्या रकान्यात घे. तक्त्यात नसलेली नोंद रिकामी राहू दे, म्हणजे ती डोळ्यांत भरेल. शेवटी जुना रकाना आडवा, नवा उभा धरून मोजणी काढ. ही मोजणी केल्याशिवाय मी आजही पुढे जात नाही.

तक्त्यात वर्षही हवं. आमचं फोंडंच घे. 2011च्या जनगणनेत ते उत्तर गोव्यात, जिल्हा कोड 585. 2015पासून ते दक्षिण गोव्यात आहे आणि दक्षिणेचा त्या जनगणनेतला कोड 586. धारबांदोडा तर त्या यादीत तालुका म्हणून नाहीच. तेव्हा 11 तालुके होते, पुढे 12 झाले. वर्ष न बघता जिल्हा लावलास, तर माझं घर न हलता जिल्हा बदलेल आणि दक्षिणेची लोकसंख्या एकदम फुगलेली दिसेल.

वयाच्या रकान्यातले 99 मात्र एकेक करून तपास. तिथे ‘उत्तर नाही’साठी 99 टाकलंय, आणि आपल्या गावांत नव्व्याण्णव वर्षांच्या आज्याही आहेत. कुणा आजीला ‘उत्तर नाही’त ढकलू नकोस.

त्या सात नोंदींचे कागदी फॉर्म शोधून ठेव. रविवारी घेऊन ये, गावाच्या नावावरून तालुका लावू.

तुझा,
सर