बाथरूमचं काम काढताय? आधी पाणी साठवून बघा

जुनी फरशी फोडली की टाइल्स निवडायची घाई होते. थांबा. गळती टाइल्समुळे क्वचितच होते. ती होते नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या कडेने, पाइप स्लॅबमधून जातो तिथून आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यातून. या तीन जागा नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने) भरून, कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई देऊन मगच वॉटरप्रूफिंग करा. दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर निदान एक फूट, शॉवरपाशी सहा फूट चढवा.

कोटिंग पूर्ण सुकल्यावर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालच्या घराचं छत स्वतः बघून या. गवंडी "गरज नाही" म्हणेल, तरी ऐकू नका. इथे गळती सापडली तर कोटिंगवर निभावतं. नंतर सापडली तर सगळी फरशी उखडावी लागते.

ढाळ पाच फुटांना साधारण २० मिलिमीटर, ट्रॅपकडे. तो कोब्यातच, म्हणजे टाइल लावण्याआधीच्या काँक्रीटच्या थरातच काढून घ्या, टाइलखालचा मसाला जाड करून नको.

भिंतीतल्या पाइपांना गिलाव्याआधी पंपाने दाब देऊन तपासा. शेजारी मापाची टेप धरून फोटोही काढा, पुढे ड्रिल मारताना ते लागतात.